चंद्री गवळी, वय सेहेचाळीस

राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाशी
पहिल्या मजल्यावर आमची लॅब.
सकाळी साडेसातलाच बाकडं भरतं.
बायका पिशवीतनं फायली काढतात,
नवरे खाली चहाला जातात
आणि लवकर वर येत नाहीत.

मी रक्त काढते. बावीस वर्षं.
पिवळ्या झाकणाच्या नळीत हार्मोन असतं,
इतकं कमी, की रंकाळ्यात मिठाचं एक पोतं
रिकामं करून चव बघावी.
यंत्राला तेवढं पुरतं.
शरीरालाही.

शाळेच्या पुस्तकात ग्रंथीचं नाव होतं पीयूषिका.
हरभऱ्याएवढी, मेंदूच्या तळाशी लोंबणारी.
आबा म्हणाले, "पीयूष म्हंजे चीक की गं, खरवसाचा."
एवढंच संस्कृत त्यांना यायचं,
तेही कुठल्यातरी कीर्तनात ऐकलेलं.

आबा गंगावेशीत म्हैस उभी करायचे.
रस्त्यावरच धार, तालमीतली पोरं ग्लास धरून,
मिशीला फेस.
पण आधी रेडकू लागायचं.
चार ढुसण्या, मग चंद्रीच्या सडांत
वरून कुठून तरी पान्हा उतरायचा.
एका साली रेडकू मेलं.
चंद्रीनं पान्हा चोरला.
कुणीतरी इंजेक्शनची बाटली आणून दिली,
आबांनी ती गटारात ओतली
आणि त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला.
चंद्रीनं ते चाटलं. चाटत राहिली.
दूध आलं.
मी आठ वर्षांची. त्या रात्री दूध प्यायले नाही.

आज अफसाना जमादार आली होती.
नवरा उद्यमनगरात, फौंड्रीत;
रात्रीच्या इंजेक्शनसाठी पाळी बदलून घेतलेली.
"धा चाळीस म्हंजे चाळीसच का? एकेचाळीस झालं तर?"
मी म्हटलं, छत्तीस तासांचा हिशेब आहे,
डॉक्टरांनी उलटा मोजलाय.
सांगितलं नाही ते हे,
की बाटलीत आहे ते वरून येणारं नव्हेच,
गरोदर बाईच्या अंगात होणारं आहे,
बीजकोशाला फक्त ती वरची हाक वाटते.
पेंढ्याचं रेडकू.
तो हुंगतो, आणि बीज पिकवून सोडायला लागतो.

"मी जातो ताई," अफसाना म्हणाली. "येतो परवा."
कोल्हापूरच्या बाया अशाच बोलतात, जातो, येतो.
व्याकरणाचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी सगळे गेल्यावर
पट्टा दातानं ओढून मी माझीच शीर शोधली.
पाच महिने झाले होते.
इतक्या जणींचं मोजलं, स्वतःचं कधी नाही.
स्टिकरवर लिहिलं, चंद्री गवळी.

रिपोर्ट ऋग्वेदनं छापला, आमच्या नव्या पोरानं.
"ताई, ही कोण? एफएसएच बासष्ट. संपलंय हिचं."
"आमच्या घरातली आहे."

संपलंय असं नसतं रे.
एफएसएच म्हणजे नुसती हाक.
खालून ओ आली की वरचा आवाज उतरतो,
नाही आली की चढतो.
बासष्ट म्हणजे एवढंच,
की वर कुणीतरी अजून ओरडतंय.
आबांचे कान गेले तेव्हा
आईचा आवाज असाच चढला होता,
गल्लीभर ऐकू जायचं, "जेवलासा का?"
आबा मान हलवायचे.
न ऐकताच. हसून.

संध्याकाळी रिक्षा गंगावेशीवरून घ्यायला लावली.
कट्ट्यावर एक म्हैस उभी होती, अनोळखी.
तिचं रेडकू दोरीशी झोंबत होतं, खरं, ओल्या नाकाचं.
उभ्यानंच ग्लासभर प्यायले.
अजून गरम होतं, तिच्या अंगाएवढं.
गवळ्याचा पोरगा म्हणाला,
"काकू, सुट्टे द्या."